सनईखालचं गाऱ्हाणं

प्रितेश : साडेदहा वाजले, पण दुकानातल्या व्हीसीआरवर कॅसेट चालू झाली, शिवा. चित्र आलं. आवाज मात्र सनईचाच आहे. तुझ्या बाबांचा, भिकाजीकाकांचा, एक शब्द नाही.

शिवा : वायच वाढव मा.

प्रितेश : वाढवला तर सनई वाढेल.

सुभद्रा : हे थंय तोंड हलवतत आणि वर ही पिपाणी! कोणी केल्यान ह्यां?

प्रितेश : मावशी, चौऱ्याण्णव सालातलं लग्न ना? तेव्हा सगळे असंच करायचे. कॅमेऱ्यात पोरांची रडारड, जनरेटर, सगळं यायचं. मिक्सिंगवाला ते पुसून वर सनई टाकायचा. लोक खूश व्हायचे.

सुभद्रा : आमीव झालों. माझ्या लेकीची, हिराची कॅसेट अख्ख्या वाडीक दाखवलंय. तेव्हा माणूसच समोर होतो, कॅसेटीतला गाऱ्हाणां कोण ऐकता?

शिवा : प्रितेशदादा, उद्या भरतीक माझी नवी होडी पाण्यात जातली. पहिला गाऱ्हाणां मालकान घालूचा, देवांका नावान हाक मारून. बाबा अचानक गेले, माका काय एक शिकवूक नाय.

प्रितेश : पण हे लग्नातलं गाऱ्हाणं.

शिवा : मागणां तेवढा बदालता. देवांची नावां तीच, मानाप्रमाणे एकामागसून एक.

सुभद्रा : एक चुकला काय तो देव रुसता. दर्यार रुसलेलो देव नको गो बाय.

प्रितेश : मग गंगारामकाकांना सांगा. तुमच्या वाडीत तेच घालतात ना?

शिवा : ते गावच्या देवांका घालतले. आमच्या घराण्याचा तेंका काय म्हायत? आणि होडी माझी, तोंड तेंचा?

सुभद्रा : गप रवा दोघांय. प्रितेशा, मागे घे ती. आता हळू लाव.

प्रितेश : हळू लावली की पट्टे येतात, मावशी.

सुभद्रा : येवंदेत. तोंड दिसता मा? ... थांबव. रवळनाथ.

शिवा : आये, तुका कसा कळला?

सुभद्रा : ओठ बघ. घरात तरी हे खंय बोलायचे? नुसते ओठ हलवायचे, काय व्हया ता मी ओळखूचा. चल पुढे. सातेरी. तिच्या मागसून पूर्वस. आता सगळे 'होय महाराजा' म्हणतत. गंगारामाचा तोंड बघ, घास घेतल्यासारख्या उघडल्यान.

शिवा : रवळनाथ, सातेरी, पूर्वस.

सुभद्रा : मगे... अरे! खंय गेले?

प्रितेश : कॅमेरावाला वळला. नवरीच्या मैत्रिणी घेतोय.

सुभद्रा : तेच्या तोंडार शिरा पडो! देव सोडून चेडवांका बघता!

प्रितेश : आला परत. बघा, काकाच आहेत.

सुभद्रा : हो देवचार. खाडीच्या तोंडावरचो राखणदार. तो शेवटाक. म्हणजे मधलो एक रवलो.

शिवा : कोण तो? तू इतकी वर्षां घरात आसस, ऐकला नाय?

सुभद्रा : तो घराण्याचो मूळपुरुष. आमच्याकडे तेचा नाव बापूस झिलाक सांगता. सुनेच्या कानार पडूक देयत नाय.

शिवा : म्हणजे माका सांगूचा होता. आणि नाय सांगल्यानी.

प्रितेश : थांब. कॅमेरा वळला तरी माईक चालूच असणार. मिक्सिंगच्या आधीची कच्ची कॅसेट मिळाली, तर नाव मिळेल. कव्हरवर स्टुडिओचा पत्ता फोंडाघाटचा आहे. नंबर काढतो.

(प्रितेश फोनवर बराच वेळ बोलतो.)

प्रितेश : मिळाली. स्टुडिओवाल्यांच्या माळ्यावर होती, वर हिराचं नाव आहे. पण नंतर त्याच कॅसेटवर त्यांनी कुणाचं तरी बारसं घेतलं.

शिवा : म्हणजे पुसला?

प्रितेश : पूर्ण मागे घेऊन बारसं घेतलं असेल, तर गाऱ्हाणं गेलं. शेवटी उरलेल्या जागेत घेतलं असेल, तर आहे.

सुभद्रा : तेंका इचार मा, कसा घेतल्यानी ता.

प्रितेश : विचारलं. आठवत नाही म्हणतात. आणि लावून बघायला त्यांच्याकडे व्हीसीआर उरलेला नाही.

शिवा : कायव असांदे. होडी उद्या जातली आणि गाऱ्हाणां मीच घालतलंय.

सुभद्रा : मगे बसलंस कित्याक? उभो रव. म्हण.

शिवा : हंयसर? दुकानात?

सुभद्रा : उद्या अख्ख्या गावासमोर म्हणतलंस, आज प्रितेशाक लाजतंस?

शिवा : बा रवळनाथा...

सुभद्रा : पोटातसून. होडी ढकलूची आसा, पाळणो नाय.

शिवा : बा रवळनाथा, महाराजा!

प्रितेश : होय महाराजा!

सुभद्रा : बघ, ह्येकाव जमला. पुढे.

शिवा : बाय सातेरी... बा पूर्वसा...

सुभद्रा : हां. आता मधे थांब. तेच्यासाठी जागा ठेव. मगे देवचार.

शिवा : प्रितेशदादा, ती कॅसेट कोण घेऊन येता?

प्रितेश : एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलीय, आत्ताच मेसेज आला. गाडी फोंडाघाटाहून सुटली आहे.