किल्ला सोडून मैदानात

बदलापूरला शेअर रिक्षाच्या रांगेत पहिला नंबर राजेंद्रचा होता. टीव्हीवरच्या राक्षसांच्या मालिकेतल्या लढाया तोच लिहायचा, पण मागच्या दोघींना ते कुठून ठाऊक असणार?

"शलाका, कालची लढाई बघितलीस?"

"बघितली ना! एवढा भक्कम किल्ला, आणि सगळं सैन्य दार उघडून मैदानात. कशाला, ऊन खायला?"

"तटावर तेल पण उकळत ठेवलेलं."

"भजी तळायची असतील. लिहिणारा आयुष्यात कधी भांडलाच नसेल गं."

राजेंद्रला राहवेना. रांगेतून बाहेर येऊन तो त्यांच्यासमोर उभा ठाकला.

"अहो, त्यांना शौर्य दाखवायचं होतं!"

"मग दाखवत बसा, काका. आमची रिक्षा आली."

दोघी बसल्या, त्यांच्या मागचाही बसला. रिक्षा भरली.

"ओ, पहिला नंबर माझा होता!"

"मग जागा सोडून बाहेर कशाला आलात?" रिक्षावाल्याने विचारलं.