घोंगडीची होळी

(चिकलठाण्याहून स्पेनमधल्या ला कोरुन्या शहरात फोन. जूनमधली दुपार; तिकडं सकाळ.)

सखूबाई : ...ते काय बी सांगू नको. तू स्टेटसला लावलेल्या फोटोत आगीत हाय ती तुझ्या बापाची घोंगडी व्हय का नाय?

शालू : व्हय आई.

सखूबाई : आन वर तोंड करून सांगती!

शालू : काल सान हुआनचा सण होता इथं. आख्खं गाव समुद्रावर जाळ करतं. जुनं, नकोसं, दुखणारं त्यात टाकायचं अन् वरून उडी मारायची.

सखूबाई : नकोसं! स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीची करून घेतली व्हती त्यांनी. बिरोबाम्होरं तीच अंथरायचो. रामेश्वर मागत व्हता, पोटच्या पोराशी भांडून तुला धाडली. आता तो मला खायला उठलाय.

शालू : दादाचं नाव काढू नको. आबा गेले ते मला तेरावा झाल्यावर कळवलं त्यानं. का, तर मी जातीबाहेर लगीन केलं.

सखूबाई : मग त्याला भांड. घोंगडीनं तुझं काय घोडं मारलं व्हतं?

शालू : अन् तू? मिठाची गुळणी धरून बसलीस. मग कुरियरनं घोंगडी! बापाच्या बदल्यात?

सखूबाई : तवा फोन त्याच्या खिशात व्हता.

शालू : शेजारच्या रत्नमालामावशीकडं फोन नव्हता?

सखूबाई : व्हता. भ्याले मी. त्याच्याच दारात राहायचंय मला.

शालू : मग राहा.

सखूबाई : राहते. पर त्यानं तोंड बघू दिलं नाय, म्हणून तू बापाला दुसऱ्यांदा जाळलं?

शालू : ...जळली नाय ती.

सखूबाई : काय?

शालू : पेटलीच नाय. नुसती धुमसली. खालचा जाळच दबला, लोकं माझ्यावर ओरडली. मग मीच हात घालून ओढली.

सखूबाई : मेंढपाळाची लेक ना गं तू? लोकर कधी भडकती का?

शालू : रागात नाय सुचलं.

सखूबाई : हात भाजला का गं?

शालू : थोडाच भाजलाय. घोंगडीचा कोपरा गेला. लई वास मारतीय. सणाला इथं रात्रभर पाण्यात झाडपाला भिजवतात, सकाळी त्यानं तोंड धुतात. त्याच पाण्यात बुचकळते तिला.

सखूबाई : धुऊ नको, आटंल. उन्हात टाक. कोपरा मी शिवीन, घेऊन ये.

शालू : दादाच्या दारात?

सखूबाई : रत्नमालेच्या ओट्यावर बसू.