साहेबाले सोबत पाह्यजे

आता तुम्हीच सांगा, याले काय म्हणावं? पोंभुर्ण्याकडल्या आमच्या गावची शाळा बंद करतो म्हणून सांगाले साहेब आले. म्हणे, "पोरं अकराच आहेत. वीसच्या खाली शाळा सरकारला परवडत नाही."

मी म्हटलं, "साहेब, दुसरी शाळा जंगलापलीकडं, सडकेवर. वाटेत वाघ फिरून राह्यला."

"अडीच किलोमीटर तर आहे! पोरं खेळत खेळत जातील."

चहा झाला, चार वाजले. साहेबाची गाडी जंगलापलीकडं त्याच सडकेवर उभी. येताना संगं वनरक्षक होता, तो आपल्या गस्तीवर निघून गेलता. साहेबानं वाटेकडं पाह्यलं अन् हळूच मले म्हणाले, "भाऊ, कोणी सोबत येता का?"

पोरांची खिचडी शिजवणारी सुमनबाई तिथीच गंज-भांडे घासत होती. वर न पाहता म्हणाली, "तुम्ही तं एकटेच, साहेब. वीसच्या खाली सोबत गावाले परवडत नाई."

तरी आम्ही सहा जणं काठ्या घेऊन त्याले गाडीपर्यंत सोडून आलो. आठ दिवसांनी आदेश आला अन् शाळेले कुलूप लागलं. पोरांसंगं काठी घेऊन कोण जाईन, ते काही त्या आदेशात लिहिलं नाई.