अब्बांचा फोन

पौडच्या थांब्यावर बसची वाट बघत होतो. माझ्यामागं एक बहीणभाऊ बोलत होते.

"शहनवाज, आज अब्बांनी सोताहून मला फोन केला."

"अब्बांनी? त्ये तर सगळं अम्मीकडनंच कळवत्यात."

"त्येच तर. म्हनले, ईदला पोरांना घेऊन ये. मोठी दावत न्हाई, नुसता शीरखुर्मा करू."

"तब्येत बरी हाय ना त्यांची?"

"मला काय ठाव?"

"इचारलं न्हाईस?"

"गांगरले रे मी. आवाजच वळखू येईना."

"मंग पुढं काय बोलले?"

"म्हनले, मन्तशा, एक सांगायचं व्हतं."

"तू काय म्हनलीस?"

"मी म्हनलं, अम्मीला फोन द्या."

"मंग?"

"दिला त्यांनी."