वाऱ्यासाठी खुंटे

हार्डवेअरच्या दुकानात सुतार रांगेत उभा होता. त्याच्यापुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी छोटं विमान जमिनीला बांधायचे खुंटे निवडत होते.

“बाबा, हे सरळ खुंटे हलके आहेत.”

“तुझ्या दादाने असलेच ठोकले होते. वादळात उपटले, अन् पंख धरायला धावला तो विमानाखालीच सापडून गेला. हे मळसूत्री बघ, जमिनीत पिळून बसतात.”

“पण आता ते उडवणार कोण? विकून टाका ना!”

“तुझी आई हात लावू देत नाही.”

“मग राहू दे अंगणात तसंच, मोकळं.”

“कसं राहू देऊ, बाळा? वारा सुटला की ती पंख धरून उभी राहते.”

“एकटीच?”

“मलाही जवळ येऊ देत नाही.”

मुलगी दुकानदाराकडे वळली.

“हे किती खोल जातात हो?”