बॉनेट उघडंच असू दे

— तो नको, तो चकचकीत ठेव आत. जुन्या रेडिओच्या जागी मला हा दे, स्वस्तातला. पडदा मोठा आहे, बोट लावलं की चालतो, मग झालं तर. आणि बॉनेट कशाला पाडतोस रे? बॅटरीची वायर सोडवून झाली म्हणून लगेच झाकायचं? उघडंच असू दे. वारा लागू दे इंजिनाला. वय बघ तिचं — तुझ्या लग्नाआधीची गाडी आहे ही. लग्न झालंय ना? … नाही? मग तुझ्या मिशीआधीची म्हणू. आणि तुला अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मला अहो-जाहो जमत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, पाचवीपासून शिकवत असतील अहो-जाहो.

खुर्ची आत नको, इथे बाहेर दे. अशी. रस्त्याकडे तोंड करून. सावली राहू दे, मी काय लोणी आहे वितळायला? तू तुझं काम कर, मी इथे बसते, मध्ये मध्ये बोलत नाही. … काय झालं? त्या रेडिओला पोचे कसले? ते पोचे नाहीत, त्या मुठी आहेत. ठोसा हाणल्याशिवाय बोलायचाच नाही मेला. आणि ठोसा हाणायचा मान धाकटीचा. मी हाणला तर नुसता खरखरायचा, तिने हाणला की लगेच बातम्या. धाकटी म्हणजे माझी जाऊ रे, दिराची बायको. आधी आमचे हे गेले, मग दीर गेला, पोरबाळ तिलाही नाही नि मलाही नाही — घरात उरलो दोघी आणि ही गाडी. तिघी म्हण. वरच्या वस्त्यांवर धड रस्ता नाही, दुसरी कुठली गाडी चढत नाही तिकडे, ही चढते. तिथलं दूध गोळा करायचं नि खाली डेअरीत घालायचं. मी गाडी हाकायची. तिने कॅन चढवायचे, माप घ्यायचं, झाकणं लावायची, आणि बोलायचं. बोलणं मुख्य. दूध आपलं जाता जाता.

काढ, काढ तो बाहेर. अगंबाई, केवढा चिखल आत! आणि या वायरी बघ, कोणी गुंडाळल्यात अशा, वेणी घातल्यासारख्या — ती पिवळी कसली? … गाडी बंद केली तरी हिच्यात करंट असतो? कशासाठी? … हां. म्हणजे आपण कुठे थांबलो होतो ते त्याच्या लक्षात राहावं म्हणून. आणि नाही जोडली तर? रोज सकाळी कोरा? सगळं पहिल्यापासून? … बरंय की मग ते. नको जोडूस. — नाही रे, जोड. मी आपलं असंच म्हटलं. जोड.

डावीकडचा आरसा? तुटला. कधीचाच तुटलाय. नाही लावला, कशाला लावायचा? ती बसायची ना डावीकडे. “जाऊबाई, दगड. जाऊबाई, म्हैस. जाऊबाई, नुसती म्हैस नव्हे, त्या खडूस म्हाताऱ्याची म्हैस, हळू घ्या, नाहीतर शिव्या देईल.” आरसा सांगतो का एवढं? आरशात म्हैस दिसेल, म्हातारा दिसत नाही. … लावायला हवा म्हणतोस? मग लाव. मागे तो कॅमेरा का काय तोही लाव. दारातले स्पीकर? तेही बदल. दोन्ही दारांचे. पॅनेल काढून ठेव बाहेर, तिथे, रस्त्याच्या बाजूला ठेव. … तासाभरात होईल सगळं? तासाभरात कशाला? एवढी काय घाई? सावकाश कर. असा काय बघतोस? लोक लवकर कर म्हणून डोकं खातात, मी सावकाश कर म्हणते तर तुला जड जातंय.

कुठे असते ती आता? घरीच आहे. ट्रंक बांधत असेल. आज जायचीय ती. काल लग्न झालं तिचं. — हसू नकोस! हसलास तर हातातला पाना हिसकावून घेईन. घड्याळजी आहे तो. दोन गावं सोडून दुकान आहे त्याचं. आमच्या डेअरीतलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आला होता. ते घड्याळ अजून मागेच पडतं, हा मात्र पुढे गेला. माणूस बरा आहे तसा. कमी बोलतो. कमी बोलणाराच लागतो तिला, दोघं बोलणारे झाले तर ऐकणार कोण? मी बघितला त्याला नीट, चार दिवस टोचून टोचून बघितला, चहा मुद्दाम गार दिला, तरी मुकाट प्यायला. म्हटलं, चालेल.

आणि तुला काय वाटलं, मी आडवी आले? मीच म्हटलं तिला, कर. ती नको नको करत होती — लोक काय म्हणतील, तुम्ही एकट्या कशा राहाल. मी म्हटलं, लोकांचं मी बघते, आणि माझं मी बघते, तू तुझं बघ. शेजारीण आली होती तोंड वाकडं करून. या वयात, म्हणे. म्हटलं, या वयात नाही तर काय मेल्यावर? तुमच्या घरची लाज, म्हणे. म्हटलं, आमचीच आहे ना लाज, मग ती आम्ही पेटीत घालू नाहीतर दोरीवर वाळत घालू, तू तुझी धुणी सांभाळ. तेव्हापासून बोलत नाही. फार सुख आहे. काल कचेरीत साक्षीदार म्हणून सही मीच केली. एवढी मोठी केली की चौकटीबाहेर गेली. तिथला साहेब म्हणाला, बाई, आखलेल्या जागेत करा. म्हटलं, माझी सही अशीच येते, तुम्ही जागा मोठी आखा.

मग सोडायला का नाही गेलीस — हेच ना? … नाही विचारलंस, पण तोंडावर दिसतंय तुझ्या. विचार की. मी काय घाबरते? तिनेच म्हटलं होतं. “जाऊबाई, बस नको. आपल्याच गाडीतून सोडा मला, शेवटचं.” शेवटचं म्हणाली, आणि माझं डोकंच फिरलं. शेवटचं काय शेवटचं? म्हटलं, गाडी उघडलीय. कामाला टाकलीय, वायरी सगळ्या बाहेर आल्यात, तू बसने जा. आणि गाडी कुठे होती, माहितीये? डेअरीच्या मागे उभी. दूध घालून नुकती आले होते, बॉनेटला हात लाववत नव्हता एवढी गरम. ती काहीच बोलली नाही. ती! तिने नुसती मान हलवली नि ट्रंकेत लुगडी रचायला लागली. मग बोलून बसले ते खरं करायला नको? आधी गॅरेजलाच निघाले होते. पण गॅरेजवाला विचारणार, काय बिघडलंय — आणि हिला काय झालंय? काही नाही. हिच्याएवढी धड गाडी नाही या भागात. मग तुझी पाटी दिसली, गाडीत रेडिओ नि पडदे बसवून देतो म्हणून. तुझ्याकडे यायला बिघडावं लागत नाही.

बस इथूनच जाते, माहितीये मला. म्हणून तर इथे आले. डावीकडच्या खिडकीत बसणार ती, सवयच आहे, आणि तुझं दुकान येतं डावीकडे. बघितल्याशिवाय राहणार नाही. गाडी लांबून ओळखते ती, रात्री नुसत्या आवाजावर ओळखते. म्हणून म्हणतेय तुला मघापासून, उघडंच असू दे. दारं उघडी, वायरी लोंबत, बॉनेट वर. तिला वाटलं पाहिजे, जाऊबाई खरंच बोलत होत्या.

मी आपली अशी बाजूला बसणार. दिसणार पण नाही. तोंडातोंडी नको मला. समोर आली की रडणार ती, आणि ती रडायला लागली की सगळा रस्ता गोळा करते. आणि मग मी काय करायचं? मला नाही येत ते. आमचे गेले तेव्हाही मी दूध घालायला गेले होते. … दूध थांबतं का कुणासाठी?

तू काम कर रे, ऐकत काय बसलास.

चालू करून दाखवतोस? तुझ्याच बॅटरीवर लाव मग, गाडीची नको जोडूस इतक्यात. … अरे वा. उजेड बरा आहे. हा नकाशा का? बोलतो का तो? … बाई आहे? बोलायला लाव तिला. … “उजवीकडे वळा.” बघ बघ, कशी बोलते, शाळेतल्या बाईंसारखी. हिला म्हणावं, आमच्या वरच्या वस्तीला ने. तिथे नाव घाल. … सापडत नाही? रस्ता आहे रे, बारा महिने जाते मी तिथून. हे काय, सगळं पांढरंफटक. नदी नाही, झाड नाही, काही नाही. आणि हा निळा ठिपका कोण? मी? … एवढाच? आणि तो त्या पांढऱ्यात आपला एकटाच फिरणार?

बरं, मला एक सांग. ती म्हणाली उजवीकडे, आणि आपण गेलो डावीकडे, तर काय करते? ओरडते? … परत सांगते? आणि परत चुकलं तर? … परत सांगते. चिडत नाही? किती वेळा सांगते? … थकतच नाही? म्हणजे एखादीने मुद्दाम चुकत राहायचं ठरवलं, तर दिवसभर बोलत राहील की ही!

असंच विचारलं. मला काय करायचंय, मला सगळे रस्ते पाठ आहेत.

खरं सांगू का? धाकटीलाच हवा होता हा. किती वर्षं मागे लागली होती. जाऊबाई, पडदा घेऊ या, जाऊबाई, गाणी बघत जाऊ, जाऊबाई, सगळ्यांकडे आहे. मी म्हणायचे, तुझं एक तोंड बंद होत नाही, त्यात आणखी एक डबडं कशाला आणू? मग रुसायची, पहिली वस्ती येईपर्यंत. पुढे टिकायचं नाही तिला. … आज सकाळी नाही नेलं तिला. नवी नवरी, कॅन कुठे उचलायला लावू. मीच चढवले सगळे. त्याचं काही नाही, कंबर शाबूत आहे माझी. पण त्या वळणावर ती म्हैस आली. आडवी. मी ब्रेक मारला. बसले आपली. आणि कोणी काही बोललंच नाही. म्हैस माझ्याकडे बघते, मी म्हशीकडे बघते. इंजिन चालू, कॅन मागे वाजतायत. मग ती गेली बाजूला आपली आपण. आणि मी गिअर टाकला नि — हसू नकोस हं — मीच म्हटलं, मोठ्याने. “जाऊबाई, म्हैस.” स्वतःलाच. वेड लागल्यासारखं.

तिथून घरी जाऊन तिला डबा भरून देणार होते. ते राहिलं बाजूला, आणि तिने शेवटचं म्हटलं, नि मी काय बोलून बसले ते सांगितलंच तुला.

पाणी नको. तो पाना उचल नि काम कर.

काय? हॉर्न? … हो. आली. त्या पुलापाशी हॉर्न देते ती, हीच बस. मी सरकते मागे. तू असा पुढे ये, नाही, त्या दाराआड हो, गाडी दिसू दे सगळी. आता ती बघेल, म्हणेल — काय म्हणेल? म्हणेल, गाडी खरंच उघडलीय. आणि मग तिकडे जाऊन रात्रभर जागी राहील. जाऊबाईंची गाडी बंद पडलीय, उद्या दूध कसं येईल, कॅन कोण चढवेल. घड्याळजीला झोपू देणार नाही. नाहीतर म्हणेल, बघ, खुर्ची टाकून बसल्यात रस्त्यावर, दोन पावलांवर होत्या नि आल्या नाहीत. दिसेनच मी तिला. मी दिसत नाही असं होणार आहे का? तिला?

ए, ही बस इथे थांबते का रे? … का नाही थांबत? थांबा नाही म्हणून? थांबा बिंबा काय लागतो, मी उभी राहते मध्ये, बघू कशी जाते. हो बाजूला. ट्रंक उतरवून घेते तिची, आपल्याच गाडीतून सोडते. घड्याळजी असेलच बरोबर, तो बसेल मागे, कॅन आहेत, बसायला काय झालं त्याला. दाराला आतलं पॅनेल नसेना का, दार लागतं ना? मग झालं. बॅटरी जोड. जोड रे पटकन, मघा तासाभराच्या गप्पा मारत होतास ना!

तो पडदा? नको, आत्ता नको. राहू दे तुझ्याकडे. आत्ता ती आहे डावीकडे. परत येताना लाव. परत येताना लागेल मला.

काय बघतोस माझ्याकडे? तिकडे तोंड कर. वायर धर, नि तिकडे तोंड कर म्हणते ना.