जड क्लचचा उन्हाळा

समारंभाच्या अध्यक्षा माननीय डोलोरेसबाई, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती आणि माझे मेहुणे ओरेस्ट हालिक, त्यांच्या पत्नी म्हणजे माझी धाकटी बहीण इर्या, आणि कर्लिंग क्लबवाल्यांनी मोठ्या मनाने दिलेल्या या हॉलमध्ये खुर्चीखाली हेल्मेट ठेवून बसलेल्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो,

मला बोलायला उभं केलं, ही अध्यक्षांची चूक आहे. मी थंडर बे महापालिकेच्या बर्फ ढकलणाऱ्या गाड्या दुरुस्त करतो. त्या गाड्यांशी मी ज्या भाषेत बोलतो, ती इथे चालणार नाही. ओरेस्टने आपल्या क्लबचं सचिवपद कसं सांभाळलं, धुक्यात वाट चुकलेल्यांना कसं घरी आणलं, हे डोलोरेसबाईंनी आत्ताच इतकं छान सांगितलं, की मला त्यात भर घालायची नाही. मी फक्त त्याच्या लाल इटालियन मोटरसायकलच्या क्लचबद्दल बोलणार आहे. ओरेस्ट, तुझी परवानगी मी कालच घेतलीय, तेव्हा आता डोळे वटारू नकोस.

आपल्या नशिबी गाडी चालवायचा उन्हाळा असतो तरी केवढा? मे महिन्यात रस्त्यावरची, हिवाळ्यात बर्फावर टाकलेली वाळू झाडली जाते आणि ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगला आपण गाड्या झाकून ठेवतो. यंदा मेच्या एका शनिवारी हा इर्याला घेऊन माझ्या गॅरेजमध्ये आला. हातमोजा न काढताच म्हणाला, "नीलो, क्लच जड झालाय. दोन बोटांत यायचा, आता चार लावली तरी येत नाही."

"म्हातारा झालास," मी म्हटलं.

"झालो असेन. तुझ्यानंतरच."

मी लिव्हर दाबून पाहिला. दोन बोटांत आला. दर शनिवारी माझ्या मदतीला येणाऱ्या आपल्या गॉर्डीने दाबला आणि म्हणाला, "लेका, याच्यापेक्षा जास्त जोर मला केचपची बाटली दाबायला लागतो." आम्ही हसलो, ओरेस्टही हसला आणि मग त्याने डावा हात खिशात घातला. इर्याने कॉफीचा कप खाली ठेवला, पुढे येऊन लिव्हर दाबला आणि माझ्याकडे पाहिलं.

निघताना ती मला बाहेर घेऊन गेली.

"गाडीला काही झालेलं नाही ना?"

"नाही."

"घरी बरण्यांची झाकणं हल्ली मीच उघडते. स्पेशालिस्टची तारीख मिळालीय, सप्टेंबरची. त्याआधीची मिळतच नाही. दादा, तोवर गाडीच बिघडलेली असू दे."

इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी आयुष्यात एकदा तरी क्लचची एअर काढली आहे, त्यांना मी वेगळं काय सांगू? ऑइलमध्ये हवा शिरली तर लिव्हर पोचट होतो, मुठीला येऊन टेकतो. जड होत नाही. जड व्हायला पिस्टन अडकावा लागतो, नळी आतून फुगावी लागते, नाहीतर लिव्हरची पिन सुकावी लागते. पिनला ग्रीस लावलं. नळी नवी टाकली. वरचा सिलिंडर उघडला, खालचा उघडला. दोन्ही पिस्टन स्वच्छ, सीलं ठणठणीत. आणि तरीही आम्ही उन्हाळाभर दर शनिवारी त्या क्लचची एअर काढत बसलो. लिव्हर दाब, धर, निपल सोड, आवळ, लिव्हर सोड. गॉर्डी नळीतून येणाऱ्या स्वच्छ ऑइलकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "तो बघ, तो बघ, बुडबुडा." कसला बुडबुडा?

संध्याकाळी मी लिव्हर मुठीला हॉकीच्या काठीला गुंडाळायच्या चिकटपट्टीने बांधून ठेवायचो. रात्रभर दाब राहिला की उरलीसुरली हवा वर चढते, हा आपला जुना तोडगा. रविवारी सकाळी पट्टी सोडायला ओरेस्ट स्वतः यायचा. लिव्हर दाबून म्हणायचा, "कालच्यापेक्षा बरा वाटतोय." मी म्हणायचो, "वाटणारच, मी केलंय काम."

जुलैमध्ये मी मोठ्या पिस्टनचा खालचा सिलिंडर बसवला. त्याने क्लच खरोखरच हलका होतो. त्या दिवशी हा नीपिगॉनपर्यंत एकटा जाऊन आला. हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा लग्नाच्या दिवशी होता तसा होता, आणि त्या लग्नात मी हजर होतो म्हणून सांगतो. "जिंकलास नीलो," म्हणाला. मलाही क्षणभर वाटलं, जिंकलो. ते सुख ऑगस्ट सरेपर्यंतही टिकलं नाही.

रेड रिव्हर रोडच्या चढावर, सिग्नलला, लिव्हर त्याच्या बोटांतून निसटला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली. मागचे भोंगे वाजवत होते. त्याने गाडी ढकलत कडेला घेतली आणि मला फोन केला, "क्लच परत गेला." मी ट्रेलर घेऊन गेलो आणि म्हटलं, "सील गेलं असणार." गॅरेजमध्ये गॉर्डीने टॉर्च मारून गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "हो, ओल दिसतेय." ती ओल त्याच्याच कॉफीची होती.

सप्टेंबरची तारीख होऊन गेली. आजाराचं नाव लांबलचक आहे, ते मी आज इथे घेणार नाही. त्यानंतरच्या शनिवारी ओरेस्ट आपल्या बेकरीतल्या पर्शियन बनांचा खोका काखेत धरून आला. गुलाबी साखर काठाला चिकटली होती. गॉर्डीने सवयीने ऑइलची बाटली उघडलीच होती. ओरेस्टने ती उजव्या हाताने त्याच्याकडून घेतली आणि झाकण लावायला माझ्यापुढे धरली.

"राहू दे रे. गाडी बरी आहे. मेमध्येही बरीच होती."

"तुला माहीत होतं?"

"शर्टाची बटणं रोज सांगत होती. पण तुम्ही दोघं इतक्या मनापासून खोटं बोलायचात, की मधूनमधून मलाही वाटायचं, गाडीच असेल."

गॉर्डी पर्शियन खाता खाता रडला. मी पाना पुसत बसलो, तो आधीच स्वच्छ होता. मंडळी, मी आजवर काय काय दुरुस्त केलंय, पण त्या दिवशी माझ्या हाताशी काही नव्हतं. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

गाडी विकायची नाही, असं इर्याने ठरवलंय. ती माझ्याच गॅरेजमध्ये राहील आणि ओरेस्ट दर शनिवारी येईल. एअर काढायची गरज नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आम्ही काढणार आहोत.

अध्यक्षांचे, पिरोगी करणाऱ्या स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आणि माझं ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे मी आभार मानतो. गॅरेजातला माणूस आहे, बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. एकच मागणं आहे. आता तुम्ही रांगेने त्याचा निरोप घ्यायला याल, तेव्हा हा शहाणा उजवा हात पुढे करील. तो घेऊ नका. त्याचा डावा हात हातात घ्या. त्याला आता दाबता येत नाही. दाबायचं काम तुमचं.